तपास कराच, पण तो संपवा

गाडीच्या विम्याचा क्लेम अडकला की सल्ला द्यायला दोन प्रकारची माणसं हमखास पुढे येतात. पहिला म्हणतो, कंपनीचा तपासनीस आला तर दारातूनच परत पाठव, एक अक्षर बोलू नकोस, वकिलाचा नंबर दे. दुसरा शांतपणे विचारतो, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरतोस कशाला? विचारू दे त्यांना काय विचारायचं ते. गेल्या काही महिन्यांत हा वाद मी इतक्या ठिकाणी आणि इतक्या तावातावाने ऐकला आहे की दोन्ही बाजूंची वाक्यं मला पाठ झाली आहेत. एकाच्या लेखी सगळ्या कंपन्या लुटारू, दुसऱ्याच्या लेखी क्लेम करणारा प्रत्येक जण लबाड. ज्याची गाडी गॅरेजात उभी आहे आणि जो रोज दुसऱ्याच्या गाडीत जागा मागून कामावर जातो आहे, त्याच्या हाती या भांडणातून काहीच लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कंपनीला तपास करण्याचा पूर्ण हक्क आहे आणि प्रामाणिक विमेदाराने त्याला आडवं जाऊ नये. पण संशय नेमका कशाचा हे सांगायचं नाही, किती दिवस चालणार हे ठरवायचं नाही, अशा रीतीने चालवलेला तपास म्हणजे तोंडाने न उच्चारलेला नकार असतो. कायद्यानेही त्याला नकारच मानावं आणि त्याची किंमत कंपनीकडून वसूल करावी. ‘तपास हवा की नको’ हा प्रश्नच चुकीचा लावलेला आहे. तपास चालू असताना दोन्ही पक्ष एकमेकांचं काय देणं लागतात, हे विचारायला हवं.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. एका पावसाळी रात्री माझी गाडी दुभाजकावर चढली. पुढचं डावं चाक आत वाकलं, बंपरचा अर्धा तुकडा रस्त्यावर राहिला, मला खरचटलंही नाही. तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, दुरुस्तीचं एस्टिमेट घेऊन गेला. मला वाटलं संपलं. अकराव्या दिवशी आणखी एक गृहस्थ आले. हे सर्व्हेअर नव्हेत, इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे तपासनीस. वागायला अत्यंत सभ्य. टेबलावर छापील फॉर्म पसरून त्यांनी विचारायला सुरुवात केली. गाडी कोण चालवत होतं? मी. शेजारी कोण होतं? कोणी नाही. वेग किती होता? मी म्हटलं, काटा काही पाहिला नव्हता. चौथा गियर होता आणि वायपर जोरात चालू होता. त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, ‘अंदाजे ७०’. सही करण्याआधी कागद वाचायला मागितला म्हणून हे मला दिसलं. “मॅडम, रकाना रिकामा ठेवता येत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लबाडी अजिबात नव्हती. मी ७० खोडायला लावलं, तिथे ‘माहीत नाही’ लिहायला लावलं, खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या झाल्या. मग लक्षात आलं की सहीची जागा पानाच्या तळाशी आहे आणि तिच्या वर अर्धं पान कोरं आहे. त्या कोऱ्या जागेवर मी तिरकी रेघ ओढली आणि सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. ते हसून म्हणाले, “बँकेत होतात का तुम्ही?” मी नव्हते. माझी आई होती.

त्या गृहस्थांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांना त्यांचं काम होतं. त्यांच्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मात्र आहे, तिकडे येईनच.

आधी कंपन्यांच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं मान्य करायला हवं, कारण ते खरं आहे. बनावट अपघात ही काही कंपन्यांनी रचलेली कहाणी नाही. त्याची पद्धत ठरलेली असते. दोन गाड्या संगनमताने चालतात. पहिली दुसरीच्या पुढ्यात घुसते, दुसरी करकचून ब्रेक मारते, मागचा बेसावध माणूस तिच्यावर आदळतो. पहिली तोवर पसार झालेली असते आणि दुसरीतले प्रवासी मान धरून बसलेले असतात. ब्रिटनमध्ये या धंद्याने एवढा जोर धरला की २००६ मध्ये विमा कंपन्यांनी एकत्र येऊन फसवणूक शोधणारी स्वतंत्र संस्था उभी केली. २०११ मध्ये तिथल्या ए-४० रस्त्यावर अशाच घडवून आणलेल्या अपघातापायी एका महिलेचा जीव गेला. त्या कटाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात मालवाहू ट्रकांवर मुद्दाम गाड्या घालणाऱ्या टोळ्यांवर खटले चालले, तेव्हा आरोपींच्या यादीत वकीलही निघाले. हे सगळं ठाऊक असताना ‘तपास करूच नका’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार? शिवाय भरपाईचा पैसा शेवटी येतो तो ज्यांनी वर्षानुवर्षं हप्ते भरले आणि कधी क्लेम केला नाही, त्यांच्या हप्त्यांतून. अपघात कसा झाला हे बहुतेक वेळा ज्याला ठाऊक असतं, पैसेही त्यालाच हवे असतात. अशा व्यवहारात नुसत्या शब्दावर विसंबणं हा भाबडेपणा झाला.

तपासनीस जे मागतो त्यातलं बरंचसं शहाणपणाचंच असतं. गाडी चोरीला गेली की दोन्ही चाव्या मागतात. त्याने लोक दुखावतात, पण एक चावी नसेल तर ती कुठे आहे हा प्रश्न कोणीही विचारेल. दोन गाड्यांची धडक असेल तर चेपलेल्या भागांची जमिनीपासूनची उंची जुळते का ते पाहतात, एकीचा रंग दुसरीवर उतरला आहे का ते पाहतात. डेंटच्या खाचेत गंज दिसला तर तो कालचा नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फोटो कधी काढला त्याची वेळ फोटोच्या फाइलमध्येच असते. आणि आता तर गाडी स्वतःच साक्ष देते. धडकेच्या आधीच्या काही सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला होता की नाही, सीटबेल्ट लावलेला होता की नाही, याची नोंद ठेवणारं यंत्र युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीचं झालं आहे. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने ती नोंद गाडीच्या मालकाच्या मालकीची ठरवली, म्हणजे ती काढून घ्यायला सहसा त्याची संमती लागते. मला विचाराल तर अशी संमती द्यावी, लेखी द्यावी, आणि निघालेल्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. खरं बोलणाऱ्याला यंत्राइतका चांगला साक्षीदार मिळायचा नाही.

इथवर मी ‘लपवायचं काय आहे’ वाल्यांच्या बरोबर आहे. त्यांची गाडी घसरते ती पुढच्या वळणावर. त्यांचं गृहीत असं की खरं बोलणारा माणूस दर वेळी तेच, तसंच बोलतो. दोन जबाबांत फरक पडला की त्यातला एक खोटा. माणसाची आठवण अशी चालत नाही, आणि गंमत म्हणजे हे दाखवून देणारा सर्वांत गाजलेला प्रयोग गाड्यांच्या धडकेवरच झाला आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि मग विचारलं, गाड्या किती वेगात होत्या? फिल्म त्याच, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या तेव्हा’ असं विचारलेल्या गटाने सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितले. ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलेल्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? ज्यांच्या प्रश्नात ‘आदळल्या’ होतं, त्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. साधं ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. त्या १६ जणांना ना भरपाई मिळणार होती, ना त्यांच्यावर कसला संशय होता. तरी त्यांनी नसलेली काच पाहिली.

आता माझा तो रकाना आठवा. मी ‘अंदाजे ७०’ वर सही केली असती आणि पुढे गाडीतल्या नोंदीत ४८ निघाले असते, किंवा ८५, तर फाइलमध्ये ‘विमेदाराच्या जबाबात विसंगती’ असं वाक्य आलं असतं. त्या वाक्याला पुढे स्वतःचं आयुष्य असतं. फाइल वरच्या टेबलावर जाते, तिथला माणूस मला भेटलेला नसतो, चौथा गियर आणि वायपर हे शब्द त्याच्यापर्यंत पोचलेले नसतात. त्याला दिसतो फक्त ‘विसंगती’. म्हणून ‘माहीत नाही’ हे पाच अक्षरांचं उत्तर विमेदाराने निर्लज्जपणे वापरावं. ते लपवाछपवीचं लक्षण नाही. बहुतेक प्रश्नांना तेच एक अचूक उत्तर असतं. काही कंपन्यांनी तर मधल्या काळात फोनवरच्या आवाजातला ताण मोजून खोटं पकडायची यंत्रं वापरून पाहिली. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या संशोधन संस्थेने अशा यंत्रांची तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी करवली, तेव्हा अमली पदार्थांबाबत खोटं बोलणाऱ्यांपैकी जेमतेम १५ टक्के पकडले गेले. गाडी ठोकून आलेल्या माणसाच्या आवाजात ताण असणारच. तो नसेल तर मला संशय येईल.

विमा हा परम विश्वासाचा करार आहे, हे वाक्य कंपनीच्या पत्रांत फार सापडतं. विमेदाराने काही दडवलं की करार मोडला, असा त्याचा अर्थ लावला जातो. या तत्त्वाचा उगम ज्या खटल्यात सांगतात, त्यात झालं काय होतं हे मात्र त्या पत्रांत नसतं. सुमात्रा बेटावर बेंकुलू इथे इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथला गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने, परकीय शत्रूने वर्षभरात किल्ला घेतला तर भरपाई मिळावी, असा विमा लंडनमध्ये उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतलाच. विमा देणारा चार्ल्स बोहम म्हणाला, किल्ला कमकुवत आहे आणि फ्रेंच हल्ला करतील अशी शक्यता आहे, हे कार्टरने आम्हाला सांगितलंच नाही. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला तो कार्टरच्या, म्हणजे विमेदाराच्या बाजूने. सद्भाव दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि जे विमा देणाऱ्याला सहज कळण्यासारखं होतं, जे त्याने विचारायची तसदी घेतली नाही, त्याचं खापर नंतर समोरच्यावर फोडता येणार नाही. हप्ता घेताना गप्प बसायचं आणि नुकसान झाल्यावर चौकशीला निघायचं, ही चाल त्या न्यायाधीशाला अडीचशे वर्षांपूर्वी दिसली होती. पुढे याच निकालाच्या आधारे पिढ्यानपिढ्या विमेदारांचेच क्लेम नाकारले गेले. कायद्याच्या इतिहासात असे विनोद बरेच आहेत, पण हा मला विशेष आवडतो.

आजचा तपास नेमका याच ठिकाणी बिघडतो. पॉलिसी विकताना चार प्रश्न विचारतात, तेही फोनवर, घाईत, एजंटच ‘नाही’ वर टिक करत जातो. अपघात झाला की तीच कंपनी गेल्या सहा वर्षांचं सगळं खोदायला बसते: आधीच्या पॉलिसीतला क्लेम, जुना पत्ता, गाडी घरातलं दुसरं कोणी चालवतं का, गाडीला नंतर बसवलेले हेडलाइट. यातल्या काही गोष्टी महत्त्वाच्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण विकताना ज्याने काही फरक पडत नव्हता, तो क्लेम आल्यावर एकदम कसा पडतो? शिवाय सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, हे या गोंधळात सोयीने विसरलं जातं. नुकसान झालं आणि ते पॉलिसीत बसतं, एवढं विमेदाराने दाखवायचं. पॉलिसीतल्या अमुक अपवादामुळे पैसे देता येत नाहीत असं कंपनीचं म्हणणं असेल, तर तो अपवाद लागू आहे हे कंपनीने सिद्ध करायचं. ‘तुम्ही प्यायला नव्हता हे सिद्ध करा’ अशी मागणी ही जबाबदारी गुपचूप उलटी करते.

आता ‘बोलूच नका’ वाल्यांकडे वळते. त्यांचा संताप समजतो, सल्ला मात्र घातक आहे. तपासाला सहकार्य करणं ही पॉलिसीतली अट असते. ती मोडली की कंपनीला दुसरं कारण शोधायची गरजच उरत नाही. बरं, रागाच्या भरात माणूस नुसता गप्प बसत नाही, तो थोडं खोटंही बोलतो, आणि ते त्याला फार महागात पडू शकतं. जुना ओरखडा नव्या अपघातात घुसवला, गाडी भाच्याने चालवली होती तिथे स्वतःचं नाव लिहिलं, की जे खरं होतं तेही हातचं जातं. इंग्लंडच्या २०१५ च्या विमा कायद्यात तर स्पष्टच म्हटलं आहे की क्लेम फसवणुकीचा असेल तर कंपनी तो देणं लागत नाही. फुगवलेला भाग वजा करून उरलेला द्या, अशी सोय नाही. मला हे कठोर वाटतं, अन्यायाचं वाटत नाही.

पण खोटं का बोललं जातं, याकडेही बघायला हवं. एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये २०१० मध्ये पाणी शिरलं. नुकसान खरं होतं, ३० लाख युरोंच्या वर. विमा कंपन्यांची चौकशी लांबत चालली, पैसे येईनात, तेव्हा मालकांच्या व्यवस्थापकाने एक गोष्ट ठोकून दिली: धोक्याची घंटा वाजली होती, पण जहाज डुलतंय म्हणून वाजली असेल असं समजून खलाशांनी दुर्लक्ष केलं. खलाशांनी आपल्याला असं सांगितलं, असं तो म्हणाला; त्यांनी तसं सांगितलेलं नव्हतं. आणि क्लेम मंजूर व्हायला या गोष्टीची मुळात गरजच नव्हती. खालच्या दोन्ही न्यायालयांनी या एका वाक्यापायी सगळी भरपाई बुडवली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती परत मिळवून दिली: ज्या खोट्याने क्लेमच्या खरेपणात काही फरक पडत नव्हता, त्यासाठी खरा क्लेम बुडू नये. निकालाशी मी सहमत आहे, तरी त्या व्यवस्थापकाची कीवच येते. नुकसानीपासून निकालापर्यंत सहा वर्षं गेली ती गरज नसलेल्या एका खोट्यामुळे. आणि ते सुचलं कशातून? न संपणाऱ्या चौकशीतून. लांबलेला तपास प्रामाणिक माणसालाही गोष्टी रचायला लावतो आणि मग त्याच रचलेल्या गोष्टी त्याच्याविरुद्ध वापरतो.

सहकार्याची अट किती ताणायची, याचंही एक उदाहरण आहे. लॉस एंजेलिसमध्ये एका माणसाचं रेस्टॉरंट जळालं. विमा कंपनीच्या माणसाने सरकारी तपासनीसाच्या कानावर घातलं की याचा विमा जरा जास्तच रकमेचा आहे. त्यातून मालकावर आग लावल्याचा फौजदारी आरोप झाला. खटला डोक्यावर असतानाच कंपन्यांनी त्याला शपथेवर जबाब द्यायला बोलावलं. वकिलाने विनंती केली, फौजदारी प्रकरण निकालात निघेपर्यंत थांबा. कंपन्यांनी थांबण्याऐवजी सहकार्य केलं नाही म्हणून क्लेमच फेटाळला. आरोप पुढे टिकला नाही. मालक म्हणाला, आता देतो जबाब. कंपन्या म्हणाल्या, वेळ गेली. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विमेदाराकडून अट मोडली गेली असली, तरी त्याने कंपनीचं सद्भावाने वागण्याचं कर्तव्य संपत नाही. माझ्या मते ‘बोलूच नका’ या सल्ल्याला खरी जागा आहे ती एवढ्याच अरुंद पट्टीत: फौजदारी प्रकरण अंगावर असेल तेव्हा, वकिलामार्फत, कारण लिहून, आणि पुढची तारीख देऊन.

राहिला वेळेचा मुद्दा. इथे कंपन्यांचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, मुदतीची सक्ती केली तर टोळ्या नुसती मुदत टळायची वाट पाहतील. किंवा संशय फिटलेला नसताना कंपनी शेवटच्या दिवशी सरळ नकार देईल, म्हणजे भलत्याचंच नुकसान. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण मुदत म्हणजे ‘अमुक दिवशी पैसे द्याच’ असं कोणी म्हणत नाही. ठरावीक दिवसांनी कंपनीने लेखी सांगावं की कोणत्या अटीबाबत शंका आहे, कोणता पुरावा यायचा आहे, तो कोणाकडून यायचा आहे. आणि ज्या भागाबद्दल वाद नाही, तो भाग देऊन टाकावा. कारण लेखी दिल्याने कोणती टोळी सुटते? फार तर सुटका होते ती ज्याच्याविरुद्ध काही कारणच नाही त्याची. ब्रिटनमध्ये १९९६ पर्यंत, आणि खरं तर त्यानंतरही वीस वर्षं, अशी परिस्थिती होती की उशिरा दिलेल्या भरपाईमुळे माणूस धंद्यातून उठला तरी त्या नुकसानीबद्दल त्याला छदाम मिळत नसे. कारखान्याची तोडफोड झालेल्या एका मालकाच्या बाबतीत अपील न्यायालयाने त्या वर्षी नेमकं हेच सांगितलं, नाइलाजाने. मे २०१७ पासून तिथे कायदाच बदलला: वाजवी वेळेत पैसे देणं हे आता कराराचंच कलम समजलं जातं, आणि त्या वाजवी वेळेत तपासाला लागणारा वेळ धरलेला आहे. म्हणजे तपास आणि मुदत एकत्र नांदू शकतात. त्या बदलाने ब्रिटिश विमा धंदा काही बुडाला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या दिशेने पावलं टाकली आहेत. सोयीचा अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमत राहता येणार नाही, हे २००९ मध्येच सांगितलं गेलं. २०२० मध्ये एका चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचं प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे आलं. मालकाने पोलिसांत तक्रार त्याच दिवशी दिली होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं. नुसत्या उशिरावर बोट ठेवून क्लेम नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. चोरी खरी असल्याचं तपासात दिसलेलं असताना उशीर हे निमित्त उरतं. पण न्यायालयापर्यंत जाणारे किती? ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीला गेला होता. दहा वर्षांत शेतकऱ्याने काय नांगरलं आणि कशाने, हे कुठल्या निकालपत्रात येत नाही.

शिवाय आता संशय घेणारा माणूसही असेलच असं नाही. क्लेम आला की आधी संगणक त्याला गुण देतो आणि गुण वाईट पडले की फाइल बाजूला पडते. मिशिगन राज्याने बेरोजगारी भत्त्यासाठी २०१३ ते २०१५ या काळात असाच एक संगणकी न्यायाधीश नेमला होता. त्याने सुमारे ४०,००० लोकांना फसवणूक करणारे ठरवलं. नंतर राज्यानेच, माणसाचा हात न लागता निकाली निघालेली २२,४२७ प्रकरणं तपासली, तर ९३ टक्के चुकीची निघाली. तो सरकारी भत्ता होता, गाडीचा विमा नव्हे, हे मान्य. पण संशयाचं कारण सांगायची सक्ती नसली की चूक कळायला किती वर्षं लागतात, हे दोन्हीकडे सारखंच.

माझ्या क्लेमचं पुढे असं झालं. दर आठवड्याला फोन केला की एक गोड आवाज सांगे, “मॅडम, फाइल प्रोसेसमध्ये आहे.” एकदा त्याऐवजी “वर गेली आहे” असं उत्तर आलं. मी विचारलं, वर म्हणजे कुठे? पलीकडे थोडी शांतता, मग होल्डचं संगीत. सहाव्या आठवड्यात मी फोन बंद केले आणि एक पत्र लिहिलं, पाऊण पानाचं. त्यात तीनच प्रश्न होते: कोणता कागद कमी आहे, पॉलिसीच्या कितव्या अटीबाबत शंका आहे, आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पद काय. सोबत माझ्या जबाबाची प्रत मागितली. पाचव्या दिवशी उत्तर आलं. अट कुठलीच नव्हती. कागद हवा होता तो गाडी उचलून नेणाऱ्या क्रेनवाल्याच्या पावतीचा. ती पावती मी सर्व्हेअर आला त्याच दिवशी त्याला दिली होती, आणि त्याच्या अहवालाला ती चौथ्या पानावर जोडलेलीही होती. पैसे नवव्या आठवड्यात जमा झाले. जबाबाची प्रत त्यांनी अजून दिलेली नाही. माझ्याकडे फोटो आहे, तिरक्या रेघेसकट.